सोफ्याच्या जागी टेबल

एखादा शालू उलगडून दाखवावा तसा प्रितमने लॅपटॉप उघडला आणि विजयश्रीपुढे धरला.

"वहिनी, उचलून तर बघा. फुलासारखा हलका. पलंगावर बसा, गच्चीत बसा, माहेरी जाताना पिशवीत टाका. आणि खरं सांगू? आमच्या लेडीज कस्टमरना सगळ्यात जास्त काय आवडतं माहितीये? हा किचनमध्येपण चालतो. कुकर लावला, शिट्ट्या होईस्तोवर दोन फोटो हातावेगळे. काय म्हणता?"

विजयश्रीने लॅपटॉपला हात लावला नाही. "किचनमध्ये न चालणारा दाखवा," ती म्हणाली.

प्रितम हसला. ती हसत नाही हे दिसल्यावर त्याचं हसू ओठांवरच अडकलं आणि त्याने मदतीसाठी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. बाईने प्रश्न विचारला की उत्तर नवऱ्याकडे बघून द्यायचं, ही निगडीच्या त्या दुकानाचीच काय, सगळ्याच दुकानांची रीत. रविराज बिचारा चाकणच्या कंपनीतून पहिली पाळी करून तसाच आला होता, अंगात अजून कंपनीचा शर्ट. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "विजू, त्यांचं म्हणणं एवढंच आहे की..."

"त्यांचं म्हणणं कळलं मला. माझं म्हणणं असं, की मला उचलता न येणारा कॉम्प्युटर पाहिजे. कुणी म्हणालं, जरा तेवढं घेऊन इकडे ये, तर मला सांगता आलं पाहिजे, की येत नाही. ते जागचं हलत नाही, म्हणून मीही हलत नाही."

प्रितमने लॅपटॉप हळूच मिटला.

इतकं तिखट बोलायला कारण घडलं होतं, आणि ते कारण त्या वेळी गावच्या कमानीवर दोऱ्यांनी बांधलेलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं.

मोशीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे रविराजचं गाव. आता गाव तरी कसं म्हणावं? तिन्ही बाजूंनी कंपन्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला कंटेनरांची रांग. पण हरिनाम सप्ताह आला की भिंतींच्या आतलं गाव जागं होतं. माणसं महिनाभर आधी सुपरवायझरला गाठून पाळ्या बदलून घेतात. कुणी कंपनीच्या बसमधून उतरतो तो थेट मंडपात, सेफ्टी शूज बाहेर काढून टाळ गळ्यात घालतो. मशीनच्या घरघरीत दिवस काढलेल्या माणसाला पखवाजाची पहिली थाप ऐकून जे वाटतं, ते लिहून सांगता येण्यासारखं नाही. देवाने कान दिले ते यासाठीच, असं वाटतं.

या वर्षी मधलं एक आणि शेवटचं काल्याचं, अशी दोन कीर्तनं श्रद्धाताईंची होती. वय अगदी लहान, पण वाणी अशी की म्हातारी माणसं मान डोलावता डोलावता रडतात. त्यांचा मोठा फ्लेक्स कमानीवर लावायचा होता आणि तो करायचं काम अर्थातच विजयश्रीकडे आलं. ती निगडीत वाढलेली, लग्नाआधी तिथल्याच एका स्टुडिओत फोटोंचं काम शिकलेली. लग्नांचे, डोहाळजेवणांचे, बारशांचे फोटो दुरुस्त करून देण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

ते काम तिने कसं केलं, हे ऐकण्यासारखं आहे. सकाळी रविराजचा जुना लॅपटॉप घेऊन ती पलंगावर बसली. तेवढ्यात सासूबाई, शालनबाई, गोधड्या उन्हात घालायला आल्या. विजयश्री उठून जेवणाच्या टेबलावर गेली. तिथे मेथी निवडायला आली. मग जिन्याची पायरी. तिथून वरच्या भाडेकरूंचं येणंजाणं. शेवटी हाक आली, "अगं, भाकरी कोन थापनार?" आणि लॅपटॉप ओट्यावर गेला, पिठाच्या डब्याला पाठ टेकून, आढ्याकडे तोंड करून. अशा आडव्या झालेल्या पडद्याकडे समोर उभं राहून तिरकं बघितलं की चित्र काळपट दिसतं. म्हणून तिने उजेड वाढवला. ओट्यावर पिवळा दिवा होता. पिवळ्या उजेडात डोळा बसला की पडद्यावरचा चेहरा निळसर वाटतो. म्हणून तिने पिवळा रंग वाढवला. एक भाकरी तव्यावर, एक परातीत, आणि मधेमधे ताईंचा चेहरा.

फ्लेक्स छापून आला आणि कमानीवर चढला, तेव्हा मुळातल्या सावळ्या, तरतरीत श्रद्धाताई त्यावर अशा पिवळ्याधमक दिसत होत्या की बघणाऱ्याने डोळे चोळावेत. कपाळावरचा काळाभोर बुक्का राखेसारखा फिका पडलेला.

"ताईंना हळद लागली का काय?" कुणीतरी म्हणालं.

"हळद कसली भावा, कावीळ हाय ती."

सप्ताह मंडळाचे कोंडाजीतात्या. त्यांनी फ्लेक्सचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ताईंच्या तब्येतीसाठी प्रार्थना करावी. दिवसभर लोक हसत होते.

घरात यावर एकच निदान झालं. लॅपटॉप जुना झाला. रविराज मनाचा मोकळा माणूस, म्हणाला, "नवा घेऊ, चांगला घेऊ." पैशांची अडचण नव्हती. लग्नसराईतली तिची कमाई तिच्याच खात्यात पडून होती आणि त्यावर कुणाची नजरही नव्हती. पण विजयश्रीला ठाऊक होतं की लॅपटॉपने काही बिघडवलं नव्हतं. एका दिवसात तीन ठिकाणांहून उठवलेल्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार?

म्हणून ती दुकानात असं बोलली.

रविराजने आपली बाजू मांडली, आणि ती अगदीच चुकीचीही नव्हती. "लाइट गेली तर? लॅपटॉपला बॅटरी असते."

"घराला इन्व्हर्टर आहे. कॉम्प्युटरला लहान यूपीएस लावू."

"लग्नाच्या कार्यालयात जाऊन तिथल्या तिथे फोटो दाखवायचे झाले तर?"

"त्यासाठी जुना आहे ना. दाखवायला तो पुरतो. रंग ठरवायला पुरत नाही."

"वहिनी, हल्लीच्या लॅपटॉपचे डिस्प्ले एक नंबर असतात," प्रितमने मध्ये तोंड घातलं.

"असतील. पण त्याचा पडदा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा वेगळा वाकतो. मला एका जागी पक्का उभा राहणारा मॉनिटर दाखवा. मोठा. आणि मला लागेल तेव्हा रॅम वाढवता येईल असा सीपीयू."

प्रितमने शेवटी आतल्या बाजूचे मॉनिटर दाखवले. विजयश्रीने पेनड्राइव्हमधून एकच फोटो आणला होता. तो प्रत्येकावर लावून तिने समोरून बघितला, डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला. ज्याच्यावर रंग कुठूनही तोच राहिला, तो तिने निवडला. मोबाइल काढून तिथेच पैसे भरले. रविराज मोटरसायकल काढायला बाहेर गेला तो जरा घुश्शातच.

स्पाइन रोडला सिग्नलवर थांबल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, "ठेवणार कुठं पण हे धूड?"

"हॉलमध्ये. खिडकीशेजारच्या भिंतीला."

"तिथं सोफा आहे."

"माहीत आहे मला."

सिग्नल सुटला आणि रविराजने गाडी जरा जोरातच काढली.

आता त्या सोफ्याची गोष्ट. रविराजचे वडील, मारुतराव, यांची जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा त्यांनी हे घर बांधलं. ऐसपैस. वर भाडेकरू, खाली स्वतः. देवघराला वेगळी खोली. बैलगाडा शर्यतीत मिळालेल्या ढालींना काचेचं कपाट. गव्हाच्या कोठ्यांना जिन्याखाली खोली. आणि दर्शनी हॉलमध्ये, उत्तरेच्या मोठ्या खिडकीशेजारी, सागवानी सोफा, ज्याच्या गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. पाहुणे आले तर खुर्च्यांवर बसत, कारण प्लॅस्टिकवर घाम येतो. घरातल्या प्रत्येक वस्तूला आपली जागा होती. फक्त विजयश्रीचं काम हातात धरून फिरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने खोकी पडवीत उतरवली. शालनबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हे एवढं मोठं? मला वाटलं, वहीएवढं आसंल. जिन्याखालच्या खोलीत ठीव. तिथं कुनाचा तरास न्हाई, कुनाची अडचन न्हाई."

"तिथे खिडकी नाही, आत्या. दिवसाचा उजेड लागतो मला, रंग बघायला." सासूबाईंना ती आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामा.

"मंग आमच्या खोलीत ठीव. दुपारी मी झोपल्यावर कर काय करायचं त्ये."

"हॉलमध्येच ठेवणार आहे. सोफा पडवीत येईल."

शालनबाईंनी असं पाहिलं, जणू सुनेने देव्हारा रस्त्यावर मांडायचं म्हटलं. "सोफा पडवीत? आन् पाव्हनं बसायचं कुटं? डोक्यावर? अगं, बाईमानसाचं काम आतल्या अंगाला आसावं."

"आतल्या अंगाला केलं की ते काम आहे हे कुणाला दिसत नाही. दिसत नाही म्हणून हाक मारतात. मी काम करते हे दिसलं पाहिजे."

"दिसलं की, कमानीवर दिसतंय!"

हा टोला बसला. पण खोकी विजयश्रीने जिन्याखाली नेऊ दिली नाहीत. "जागा मिळेपर्यंत उघडणार नाही," एवढंच म्हणाली. मारुतराव पडवीतच पखवाजाची वादी ओढत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवलं. मोठे भाविक, कुणाचं मन न मोडणारे. म्हणूनच घरातल्या भांडणात त्यांचा कुणालाच उपयोग होत नसे.

त्याच दिवशी दुपारी श्रद्धाताईंचं जेवण त्यांच्याकडे होतं. कीर्तनकारांना जेवू घालण्याची पाळी मिळणं म्हणजे घराचं भाग्य. शालनबाई पहाटेपासून स्वयंपाकाला लागल्या होत्या आणि विजयश्रीही. ताई आल्या त्याच हसत.

"मावशी, कमानीवर स्वतःला बघितलं आणि आईला फोन केला. म्हटलं, मला हळद लागलीय, लग्नाला ये. ती म्हणाली, आधी नवऱ्याचं नाव तरी सांग!"

सगळे हसले. शालनबाई ओशाळून म्हणाल्या, "माउली, माफी करा. ह्या आमच्या सूनबाईच्या हातचं हाय त्ये."

"हो ताई, माझ्याच हातचं," विजयश्री वाढता वाढता म्हणाली. "एका हाताने भाकरी केली आणि दुसऱ्या हाताने तुमचा चेहरा. भाकऱ्या चांगल्या झाल्या होत्या."

श्रद्धाताईंनी विजयश्रीकडे पाहिलं, पडवीतल्या खोक्यांकडे पाहिलं, शालनबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे बघून म्हणाल्या, "मी पाहुणी माणूस. घरातलं तुम्ही घरात बघा. मला ती आमटी वाढा अजून, झकास झालीय."

विजयश्रीला क्षणभर वाईट वाटलं. तिला वाटलं होतं, ताई काही तरी बोलतील. पण आमटी वाढताना तिच्या लक्षात आलं की हे बरंच झालं. दुसऱ्याच्या शब्दावर मिळालेली जागा दुसऱ्याच्या शब्दावर जातेही.

संध्याकाळी कीर्तन रंगलं. यशोदेने कान्ह्याला उखळीला बांधायला घेतलं तो प्रसंग ताईंनी लावला होता. दावं आणावं तर दोन बोटं कमी, दुसरं जोडावं तरी दोन बोटं कमी. गावातली सगळी दावी संपली आणि आई घामाघूम झाली, तशा ताईही घामाघूम झाल्या, आणि मंडपातल्या आया पदराने डोळे टिपत हसत होत्या. विजयश्री कॅमेरा घेऊन कीर्तनाच्या गादीसमोरच बसली होती. सावळ्या कपाळावर गोपीचंदन, त्याखाली काळा बुक्का, नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब. असा चेहरा पुन्हा मिळायचा नाही म्हणून तिने फोटो काढले, आणि मधेच कॅमेरा खाली ठेवून नुसत्या टाळ्याही वाजवल्या. नाम चाललेलं असताना हात मोकळे ठेवले नाहीत तर मग हात कशाला हवेत?

कीर्तन संपल्यावर कोंडाजीतात्या तिच्याजवळ आले. "काल्याला ताईंचा दुसरा फ्लेक्स लावू. पन ह्या खेपंला भायरून करून घेतो, सूनबाई. राग मानू नगं."

"मीच करणार आहे," विजयश्री म्हणाली. "उद्या देते."

"आन् परत पिवळ्या झाल्या तर?"

"झाल्या तर पुन्हा मला काम देऊ नका. कधीच."

सकाळी रविराज पाळीला गेला. देवपूजा झाली, नाष्टा झाला, भांडी झाली. मग विजयश्रीने पदर खोचला, हॉलमध्ये आली आणि सागवानी सोफ्याचं एक टोक धरून ओढलं. सोफा तसूभर हलला आणि प्लॅस्टिक करकरलं.

शालनबाई धावत आल्या. "अगं, अगं! काय चालवलंयस? वो, बघा हिकडं!"

मारुतराव दारात येऊन उभे राहिले. विजयश्रीने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने पुन्हा जोर लावला. सोफा आणखी थोडा आला. पुन्हा ओढलं. तिला माहीत होतं की आता थांबलं तर सोफा जिथे होता तिथे परत जाणार आणि मग या घरात तो पुन्हा कधीच हलणार नाही.

"थांब," मारुतराव म्हणाले.

ती थांबली, पण टोक सोडलं नाही.

"फरशीला वरखाडं पडत्याल. पायाखाली पोतं घाल."

असं म्हणून ते स्वतःच गेले, गव्हाचं रिकामं पोतं घेऊन आले, वाकून सोफ्याच्या पायांखाली सारलं आणि दुसरं टोक धरलं. शालनबाई तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या. नवरा-बायकोच्या इतक्या वर्षांच्या संसारात मारुतरावांनी घरातली एखादी वस्तू जागची हलवलेली त्यांनी पाहिली नव्हती.

सोफा पडवीत गेला. दुपारपर्यंत जिन्याखालच्या खोलीतलं जुनं टेबल तिथे लागलं, मॉनिटर उभा राहिला, वायरी जोडल्या गेल्या. पण एक गोष्ट मांडणी झाल्यावरच सगळ्यांच्या लक्षात आली. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून टेबल अशा रीतीने लावलं होतं, की काम करणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ अख्ख्या हॉलकडे. घरची सून, दर्शनी खोलीत, खुर्चीवर, आल्यागेल्याकडे पाठ करून.

आणि चहाच्या वेळेला कोंडाजीतात्या आले.

"मारुतराव, घर बदाललं का काय? सोफा भायर, आन् आत हे काय? रेल्वेचं तिकीट हापिस?"

"या तात्या, बसा," विजयश्री म्हणाली. मान वळवली नाही. पडद्यावर ताईंचा कालचा चेहरा होता आणि ती गालावरचा मंडपातल्या दिव्याचा तांबूस डाग काढत होती. ते काम मध्येच सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तात्यांचा, जरा चढलेला. "मारुतराव, सूनबाई आपल्याकडं पाठ करून बसल्यात व्हय? आमच्या आया दारामागनं बोलायच्या. तुझ्या घरात लईच सुधारना झाली राव."

"मी सकाळधरनं तेच म्हनतीया," शालनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "पर माजं आयकतो कोन? विजयश्री, तात्या आलेत. च्या टाक."

"मी कामात आहे, आत्या."

आपल्या पाठीवर तीन माणसांची नजर आहे हे विजयश्रीला कळत होतं, आणि पाठ किती उघडी असते हेही त्याच वेळी कळलं.

मारुतराव चुळबुळले. "सूनबाई, निदान टेबल थोडं तिरकं कर. म्हंजी तोंड हिकडं हुईल."

"तिरकं केलं की खिडकी पडद्यात दिसायला लागते, मामा. मग ताई परत पिवळ्या होतील." ती थांबली. मग तिने माऊसवरचा हात न काढता विचारलं, "मामा, काल कीर्तनात तुम्ही कुठे उभे होता?"

"कुटं म्हंजी? माझ्या जागी. टाळकऱ्यांत."

"आणि कोंडाजीतात्या?"

"माझ्या शेजारीच की."

"ताईंचं तोंड तुमच्याकडे होतं, की पाठ?"

आणि तिनेच सांगून टाकलं.

"पाठ होती. टाळकरी मागे आणि कीर्तनकार पुढे. तुमच्या नातीच्या वयाची मुलगी सगळा वेळ तुमच्याकडे पाठ करून उभी होती आणि तुम्ही तिच्या मागे पावलं टाकत होता. मी फोटो काढलेत, तात्या, तुम्ही डोळे मिटून नाचत होता. तुम्हाला कुणाला अपमान वाटला? मध्येच कुणी म्हणालं, माउली, जरा चहा टाकता का?"

"अगं, त्ये देवाचं काम!" कोंडाजीतात्या उसळले. "कीर्तन कुटं आन् फोटू रंगवनं कुटं!"

"हे कुणाचं काम आहे, तात्या? कुणाच्या सप्ताहाचा फ्लेक्स चाललाय?"

आणि तेव्हा मारुतराव हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग मोकळंच. "कोंडाजी, गप बस गड्या. धरलं आपल्याला पोरीनं. पाठच बघत व्हतो की रं आपन, इतकी वर्सं. कुनाकुनाच्या पाठी बघितल्या!"

तात्यांना हसायचं नव्हतं. ते उठून टेबलाशी आले, कंबरेत वाकून पडद्याकडे बघितलं. चेहरा चांगला आला होता हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांची मान आपोआप डोलली. मग म्हणाले, "हां. पन थोडी उजळ कर की. बाईमानूस हाय. गोरी दिसली तर मंडपाला शोभा येती."

"नाही."

"न्हाई म्हंजी?"

"ताई सावळ्या आहेत. मी काल समोरून बघितलंय. तुम्ही पाठ बघितली."

"फ्लेक्स मंडळाचा हाय, सूनबाई. मंडळ सांगल तसा..."

"मग मंडळाने बाहेरून करून घ्यावा. काल म्हणालातच. माझ्या हातून त्या एकदा उजळ झाल्यात, तेवढ्या पुरे झाल्या. आता जशा आहेत तशाच कमानीवर जातील, नाहीतर माझ्याकडून जाणार नाहीत."

तात्यांनी मारुतरावांकडे पाहिलं. मारुतरावांनी डोळे पुसले आणि देवघराकडे बोट दाखवलं. "कोंडाजी, आतला बी सावळाच हाय. त्येला कधी म्हनलास का, जरा उजळ हो?"

तात्या पुटपुटले काहीतरी. "बरं, पाठीव मंग. छापनाऱ्याला सांगतो," असं काहीसं ते होतं. ते परत खुर्चीवर बसले.

आत स्टोव्ह भडकवल्यासारखा गॅस फर्रकन पेटला. भांडी आदळली. आल्याचा वास हॉलभर आला. थोड्या वेळाने शालनबाई दोन कप घेऊन आल्या, दोघांपुढे ठेवले, आणि वळता वळता, कुणालाच उद्देशून नाही अशा रीतीने पण घर ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तिसरा वट्यावर हाय. ज्याला पायजे त्यानं येऊन घ्यावा. टेबलावर आनून द्यायला हितं काय हाटेल न्हाई."

विजयश्रीला चहा हवा होता. फार हवा होता. सोफा ओढून खांदे दुखत होते, डोकं ठणकत होतं आणि आल्याचा तो वास तिला खुर्चीतून उचलत होता. उठली असती, चार पावलांचं तर काम. पण ओट्यावर गेलं की तिथे आधी कप हातात येणार, मग गाळणी, मग तात्यांची बशी विसळायची राहिलेली, मग कणीक. हा रस्ता तिच्या पायांना पाठ होता.

ती बसून राहिली. ताईंचा चेहरा मोठा करून तिने कपाळ पडद्यावर घेतलं आणि बुक्क्याचा काळा ठिपका, घामाने कडेला जरासा ओघळलेला, तसाच ठेवला. ओघळ पुसायला हात गेला होता, तो तिने मागे घेतला.

मागे तात्या आणि मामा काल्याच्या महाप्रसादाचं बोलत होते. कोण किती दूध देणार, लाह्या कुठून आणायच्या. आत भांड्यांचा आवाज थांबला. ओट्यावर एकटा कप निवत असणार. मग आतून एक बारीकसा, काचेवर काच टेकल्याचा आवाज आला. कुणीतरी कपावर बशी झाकली होती.

विजयश्रीने तो ऐकला. पण वळून मागे पाहिलं नाही.